खंडेनवमीची हजेरी

आमच्या पूलमध्ये माझ्यासकट तेवीस जण आहेत आणि त्यातल्या बावीस जणांनी माझं एकही पत्रक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. हे मी रागानं सांगत नाही. नाही, रागानंच सांगतो.

आधी हा पूल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण कर्नाटकातल्या आमच्या आळंदच्या बसस्टँडवरही मला रोज कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तराच्या दुसऱ्या वाक्याला उठून जातं. जगभर कित्येक मशीन एकाच वेळी एक आकडा शोधत असतात. ज्या मशीनला तो सापडतो तिला इंटरनेटवर चालणाऱ्या एका डिजिटल नाण्याच्या सार्वजनिक हिशेबवहीचं पुढचं पान लिहायचा मान मिळतो आणि मानाबरोबर थोडी नवी नाणी. त्या पानाला ब्लॉक म्हणतात. आकडा शोधायला अक्कल लागत नाही. चाव्यांचा ढीग घेऊन बसायचं आणि एकेक चावी कुलपात घालून बघायची, एवढंच. एकट्याच्या मशीनला वर्षभर बसून एकही ब्लॉक मिळणार नाही. म्हणून लहान माणसं एकत्र येतात, मिळून चाव्या लावतात आणि कुणाच्याही हातून कुलूप उघडलं तरी सगळ्यांत वाटून घेतात. हा झाला पूल. तो मी चालवतो. म्हणजे भाड्याच्या एका सर्व्हरवर त्याचा प्रोग्रॅम चालतो आणि मी लोकांचे फोन उचलतो.

कुणाची मशीन खरंच राबते आहे हे कळावं म्हणून प्रत्येक मशीन दर थोड्या वेळानं सर्व्हरला कामाचा पुरावा पाठवते. त्याला मी हजेरी म्हणतो. आणि वाटणीचा नियम माझा मीच केलेला: ब्लॉक सापडला की त्याआधीच्या चोवीस तासांत ज्याची जितकी हजेरी, त्याला तितका वाटा. त्याच्या मागचं सगळं बाद. हा नियम मी का केला? कारण काही हुशार लोक दिवसभर दुसरीकडे मशीन लावतात आणि कुठं पंगत बसली की पाट घेऊन येतात. आजचा राबणारा आजच्या वाट्याचा धनी. नियम सर्वांना एक, चालकालासुद्धा. पहिल्याच पत्रकात हे वाक्य मी ठळक अक्षरांत टाकलं होतं. त्या वेळी मला ते फार आवडलं होतं.

पत्रकांचं वेड घरातलं आहे. अप्पांचा आळंदला ट्रेडल मशीनचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर घर चालायचं, पण अप्पांचा जीव होता पत्रकांत. डाळ मिलमधल्या हमालांसाठी, विडी वळणाऱ्या बायांसाठी, बुवाबाजीच्या विरोधात, एका बाजूला मराठी आणि पाठीमागं कन्नड अशी पत्रकं ते छापायचे, बऱ्याचदा पदरचा कागद घालून. छपाईत बिघडलेल्या कागदांची कव्हरं माझ्या वह्या-पुस्तकांना असत. वर्गातल्या पोरांच्या वह्यांवर फुलं आणि नट्या होत्या. माझ्या तिसरीच्या गणिताच्या वहीवर जाड टायपात होतं: ‘यंत्र थांबतं, पोट थांबत नाही. सणाची सुट्टी भरपगारी द्या.’ मी जोडाक्षरं वाचायला शिकलो ती त्या वहीवर.

छापखाना गेला, पण डोक्यात एक गोष्ट राहिली. अप्पा म्हणायचे, छापखाना ज्याच्या हातात, शब्द त्याच्या हातात, म्हणून तालुक्याला आपला एक तरी हवा. मला या नाण्यांच्या धंद्यात तेच दिसलं. सगळी मशीनं जर एकाच अवाढव्य पूलला जोडली गेली तर त्या सार्वजनिक वहीत काय लिहायचं आणि काय नाही हे एक मालक ठरवणार. मग ती वही सार्वजनिक कसली? म्हणून लहान पूल हवेत, गावोगावी हवेत. हे मी पत्रकात लिहिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, मराठीत टाकलं, कन्नडमध्ये टाकलं. खाली पहिलं उत्तर आलं कमलनगरच्या अण्णांचं: “माझा नंबर कधी लागायलाय?”

अण्णांचं कमलनगरला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आमच्यातली सगळ्यात मोठी मशीन त्यांची. पण अण्णांच्या डोक्यात पूल म्हणजे भिशी. भिशीत दर महिन्याला चिठ्ठी उघडते आणि कुणाचा तरी नंबर लागतो. मी त्यांना सांगितलं की इथं चिठ्ठी नाही, नंबर नाही, ज्याच्या मशीनला आकडा सापडेल त्याला सापडेल आणि वाटा सगळ्यांना मिळेल. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “व्हय, ते कळलं. पण अंदाजे, माझा नंबर कधी?”

गाणगापूरचे काका त्याहून वेगळे. त्यांचं देवळाजवळ लॉज आहे, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी. खालच्या खोलीत त्यांनी मशीन ठेवली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना शोध लागला की तिच्या पंख्यांतून गरम वारा येतो. मी बघायला गेलो तेव्हा खोलीभर दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर संगमावर आंघोळ करून आलेल्या लोकांची ओली धोतरं आणि लुगडी टांगलेली. एका धोतराचं टोक मशीनमधल्या, आकडा शोधायचं काम करणाऱ्या कार्डांवर ठिबकत होतं.

“काका, ह्यात करंट हाय!”

“मग? धोतर तर वाळायलंय की.”

मादन हिप्परग्याच्या बाई हायस्कुलात गणित शिकवतात. सगळ्या पूलमध्ये मला काय म्हणायचं आहे ते समजणारी ती एकमेव व्यक्ती, त्यामुळं सगळ्यात जास्त त्रास त्यांचाच. बाकीच्यांना समजत नाही म्हणून ते ऐकत नाहीत. बाईंना समजतं आणि तरी त्या ऐकत नाहीत.

आणि वीज! सरकारनं घरटी काही युनिट वीज माफ केल्यापासून माझ्या सभासदांनी आपापल्या मशीनची कार्डं सोडवून नातेवाइकांत वाटली. दोन कार्डं घरी, दोन सासुरवाडीला, एक चुलत बहिणीच्या घरी, म्हणजे कुठल्याच मीटरवर माफीच्या वर युनिट जायला नको. सासुरवाडीला मेव्हण्यानं मिक्सर लावला की यांची मशीन बंद. एकानं तर शेतातल्या मोटारीच्या लाइनवर मशीन टाकली. ती वीज पिकासाठी आहे, तिच्यावर नाणी शोधणं ही चोरी आहे, असं सांगून त्याला मी त्याच दिवशी काढून टाकलं. त्यावर मोठं पत्रकही लिहिलं. ते किती जणांनी वाचलं हे वर सांगितलंच आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमची खरी कसोटी लागली. दीड महिना उलटला तरी एकही ब्लॉक सापडेना. एरवी पंधरा-वीस दिवसांत एखादा सापडायचा. लोक रोज विचारू लागले. मी समजावत होतो की आकड्याला स्मृती नसते. खूप दिवस सापडला नाही म्हणून आता जवळ आला असं काही नसतं, आणि लांब गेला असंही नसतं. प्रत्येक चावी ही पहिलीच चावी असते. यावर बाईंचा मेसेज: “बरोबर.” अण्णांचा मेसेज: “पण आता जवळच आला असंल ना?”

शेवटी अण्णांनी फोन केला. जगभरच्या एका मोठ्या पूलमध्ये रोज थोडं थोडं मिळतं, वाट बघावी लागत नाही, असं त्यांच्या उदगीरच्या भाच्यानं सांगितलं होतं.

“दिवाळीपर्यंत बघतो,” अण्णा म्हणाले. “तवर न्हाई सापडला तर मी चाललो. बाकीचे बी येतेत म्हणायलेत. तुझ्यावर राग न्हाई बरं का.”

अण्णा गेले तर आमची जवळजवळ निम्मी ताकद जाणार होती. मग उरलेल्यांना ब्लॉक मिळायला महिनोन् महिने लागले असते, म्हणजे तेही गेले असते. पूल संपला असता. अडीच वर्षं मी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला तो तालुक्याचा आपला छापखाना दिवाळीला बंद होणार होता. दिवाळीला महिनाही उरला नव्हता, एकेक दिवस मोलाचा होता, आणि मध्ये उभी होती खंडेनवमी.

आमच्याकडे नवमीला जे जे राबतं ते सगळं थांबतं. नांगर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, वजनकाटा, सुताराचा रंधा, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि दसऱ्याला बन्नी, म्हणजे शमीचं सोनं, देऊन-घेऊन होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्या घरी हे कधीच नव्हतं. उलट नवमीला अप्पा मुद्दाम ट्रेडल सुरू करायचे. गल्लीभर सनई आणि मध्येच आमचं खटाक-खटाक. शेजारची आक्का दारात येऊन ओरडायची, अप्पा चालवायचेच. मला त्या आवाजाचा केवढा अभिमान होता!

नवमीच्या आठ दिवस आधी मला एकदम उमगलं की बावीसच्या बावीस मशीनं बंद होणार. नवमीच्या सकाळपासून दसऱ्याच्या दुपारपर्यंत, म्हणजे एका दिवसाहून जास्त. मागच्या वर्षी दोन-चार जणांनीच बंद ठेवल्या होत्या, कारण तेव्हा बऱ्याच जणांना मशीन हे आयुध आहे की टीव्हीसारखी वस्तू आहे हे ठरवता आलं नव्हतं. यंदा ठरलं होतं. मी पत्रक लिहिलं: ‘आपण स्वतःचं नुकसान करून घेणार का?’ मग फोन लावले.

बाई म्हणाल्या, “तुमचं गणित मला पटतंय. आकड्याला काई आठवत न्हाई, हे मी स्वतः वर्गात शिकवते. पण नवमीला मशीन चालू ठेवली तर सासूबाई आठवण ठेवतील. ते बी जन्मभर.”

“बाई, पूल बंद पडंल!”

“पडू नये,” त्या म्हणाल्या. “पण बंद ठेवणार.”

अण्णा म्हणाले, “अरे, माझ्या दुकानात त्या दिवशी स्टेपलरला सुद्धा कुंकू असतंय. स्टेपलर थांबंल आन् मशीन चालंल, हे दिसतंय का बरं?”

काकांना फोनवर पटणार नाही म्हणून मी आळंदहून दोन बस बदलून गाणगापूरला गेलो. ते लॉजच्या पायरीवर बसून यात्रेकरूंच्या चपलांवर लक्ष ठेवत होते.

“काका, दीड महिना ब्लॉक न्हाई. अण्णा निघून जायच्या तयारीत हायत. अन् तुमी सगळे दीड दिवस बंद ठेवणार! कामून?”

“वर्षभर राबती ती. एक दिस बसू दे की.”

“ती बसत न्हाई. तिला थकवा न्हाई. ते यंत्र हाय.”

“ट्रॅक्टर बी यंत्रच हाय. नवमीला एक ट्रॅक्टर चालवून दाव बरं मला कुठल्या गावात.”

“हे सगळं अडाणीपणाचं हाय, काका.”

काकांना राग आला नाही, हेच मला सहन झालं नाही. ते म्हणाले, “तुजी मशीन तू चालव. तुला कोण अडवायलंय? चहा घेणार का?”

मी चहा घेतला नाही. परतीच्या बसमध्ये ते मनाला फार लागलं, कारण सकाळपासून चहा नव्हता.

नवमीच्या दिवशी सकाळी नऊपासून माझ्या स्क्रीनवरची रेघ खाली यायला लागली. एकेक नाव राखाडी होत गेलं. अकराच्या सुमाराला बाईंचं नाव गेलं, मग अण्णांचं. शेवटी काकांचं, कारण यात्रेकरूंची धोतरं वाळेपर्यंत ते थांबले असावेत. तेवीस नावांत एकच हिरवं राहिलं, माझं. माझ्या खोलीतली चार कार्डांची ती लहानशी मशीन घुंई घुंई करत होती आणि बाहेर गल्लीत नारळ फुटत होते. ग्रुपवर फोटो यायला लागले. अण्णांची मशीन, तिच्यावर झेंडूची माळ. बाईंची मशीन, तिच्यापुढं रांगोळी. काकांच्या मशीनच्या पंख्यावर कुंकवाचे पाच पट्टे आणि खाली चिरडलेलं लिंबू. मी लिहिलं, ‘पंख्यात कुंकू जाऊ देऊ नका, बेअरिंग जाम होतं.’ त्याला अकरा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

दसऱ्याला दुपारी लोक बन्नी वाटून घरी आले आणि मशीनं सुरू झाली. अण्णा आले, बाई आल्या, काका आले. रेघ वर चढली. आणि तासाभरात ब्लॉक सापडला.

दीड महिन्यांनी. सापडला काकांच्या मशीनला, त्या कुंकवाच्या पंख्याच्या.

ग्रुपवर जे झालं ते मी वर्णन करू शकत नाही. ‘पावलं!’ ‘नवमी पावली!’ ‘दत्तगुरूंची कृपा!’ काकांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, त्यात मागं देवळातली घंटा. माझे डोळे भरून आले होते, पूल वाचला होता, आणि त्याच वेळी मला किंचाळावंसं वाटत होतं. मी लिहिलं, ‘आकड्याला स्मृती नसते. पूजा झाली म्हणून सापडला नाही. कालही सापडला असता.’ अण्णांनी लिहिलं, ‘काल बंद होता की रे.’

मग वाटणी पडली. प्रोग्रॅम ती आपोआप करतो. मागचे चोवीस तास बघतो, हजेरी मोजतो, वाटून मोकळा होतो. त्या चोवीस तासांत बाकी सगळ्यांची हजेरी होती एकेक तासाची. माझी होती पूर्ण चोवीस तासांची. ज्या लहानशा मशीनला एरवी आंब्याच्या पेटीतला एखादा आंबा मिळावा तिला जवळजवळ अर्धी पेटी मिळाली. मला हे आधी सुचलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, सुचलं नव्हतं. मी दहा पत्रकं लिहिली, गाणगापूरपर्यंत गेलो, पण स्वतःच्या नियमाचा हा अर्थ माझ्या डोक्यात आला नव्हता.

पहिला फोन काकांचा. या वेळी त्यांनी चहा विचारला नाही.

“देव पावला आमाला,” ते म्हणाले, “आन् परसाद खाल्लास तू.”

अण्णांचा फोन त्यापाठोपाठ. “म्हणून इतकी तडतड करायलास काय? तू चालू ठेवणार हे तुला ठावं, आमी बंद ठेवणार हे बी ठावं. नियम बी तुझाच.”

“अण्णा, मी तर तुमाला चालू ठेवा म्हणून पाया पडायलो होतो!”

“व्हय. पडायलास. आमी ऐकणार न्हाई हे माहीत असून पडायलास.” आणि मग ते बोलले ते अजून कानात आहे. “मोठ्या पूलचा मालक तरी दूर हाय. त्याचं तोंड बघावं लागत न्हाई.”

बाईंनी फोन केलाच नाही. एक ओळ पाठवली: ‘नियमात चूक नाही. पण हे बरोबर नाही.’ गणिताच्या शिक्षिकेनं असं वाक्य लिहावं!

संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी कळवलं की अण्णांबरोबर तेही जाणार. म्हणजे ब्लॉक न सापडल्यामुळं जो पूल मोडणार होता, तो आता सापडल्यामुळं मोडत होता.

मी पेटलो. माझ्यावर चोरीचा आळ! मी, ज्यानं मोटारीच्या लाइनवरच्या माणसाला हाकललं! दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो आणि आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक लिहिलं. नियम आधीपासून जाहीर होता. नियम सर्वांना सारखा होता. ज्यानं काम केलं त्याला मिळालं, ज्यानं काम बंद ठेवलं त्याला मिळालं नाही. काम बंद ठेवण्याची सक्ती कुणी केली नव्हती. सण हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला, त्याचा भार पूलवर टाकता येणार नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी खुशाल जावं. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. नेहमीप्रमाणे पाठवायच्या आधी अप्पांना दाखवायला नेलं.

अप्पा आता दिवसा ओसरीवर बसून असतात. त्यांना पूलबद्दल फारसं माहीत नाही, पण पत्रक कुठलंही असो, ते हातात घेतलं की ते ताठ बसतात. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, कागद खाली ठेवला.

“चांगलं उतरलंय,” ते म्हणाले. “हे मालकाचं पत्रक हाय.”

“कुणाचं?”

“मालकाचं. डाळ मिलवाल्यांची पत्रकं बी माझ्याकडंच यायची छापायला. रोख द्यायचे. त्यातली भाषा हीच. नियम आधीच जाहीर होता. सण ज्याच्या त्याच्या घरचा. खुशाल जावं.” त्यांनी कागद परत माझ्याकडं सरकवला. “तू तर एक शब्द बी वाया घालवला न्हाईस.”

मी म्हणालो, “अप्पा, पण तुमीच तर नवमीला मशीन चालवायचा! गल्ली ओरडायली तरी!”

“चालवायचो की.”

“मग?”

“मामा कुठं असायचे त्या दिवशी?”

मामा म्हणजे आमच्याकडं खिळे जुळवणारे. अप्पांकडं ते चोवीस वर्षं होते. मी आठवायला लागलो. सनई आठवली, खटाक-खटाक आठवलं, दारातली आक्का आठवली. मामा आठवेनात.

“घरी असायचे,” अप्पा म्हणाले. “खिळे जुळवायची स्टिकसुद्धा घरी न्यायचे पूजेला. मी त्यांना कधी म्हटलं न्हाई, की हे अडाणीपणाचं हाय. पगार पुरा द्यायचो. देव मानत न्हाई ते मी, तर राबायचं बी मी. त्यांच्या पगारातनं मी माझी नास्तिकता कशी काय चालवू?”

तिसरीच्या वहीवरचा जाड टायपातला भरपगारी सुट्टीचा मजकूर मला पाठ होता. त्यातल्या पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मी तो अप्पांना म्हणून दाखवू शकलो असतो. अप्पांनी तो जुळवलाही नव्हता, मामांनी जुळवला होता, हे मला त्या ओसरीवर कळलं.

नियम मागं जाऊन बदलायचा नाही, यावर मी अजूनही ठाम आहे. आज यांच्यासाठी बदलला तर उद्या कुणासाठीही बदलेल. पण मला मिळालेलं माझं आहे, त्याचं मी काहीही करू शकतो. म्हणून दसऱ्याच्या वाटणीतला माझा नेहमीचा वाटा ठेवला आणि बाकीचं सगळं, प्रत्येकाच्या नवमीआधीच्या हजेरीप्रमाणं, परत पाठवून दिलं. मग नवं पत्रक लिहिलं, अर्ध्या पानाचं. यापुढं सणाला ज्यानं मशीन बंद ठेवायची आहे त्यानं आधी कळवावं. त्याची रोजची हजेरी त्या दिवशीही लागेल. चालकाची मशीन सणाला चालू राहील, कारण चालक सण पाळत नाही. पण त्या दिवसाची चालकाची हजेरी लागणार नाही. सुट्ट्यांची यादी खाली दिली आहे.

यादीत मी चार नावं टाकली होती.

बावीस जणांनी ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मला हे नक्की माहीत आहे, कारण यादी शेवटी होती आणि तासाभरात तिच्यावर हरकती सुरू झाल्या. उगादी राहिली. बसव जयंती राहिली. हुमनाबादच्या एकानं रमजान ईदेबरोबर बकरी ईद का नाही विचारलं, त्याचं बरोबरच होतं. काकांना दर गुरुवार हवा होता. मी म्हणालो, काका, वर्षात बावन्न गुरुवार असतेत. ते म्हणाले, “म्हणूनच तर.” ते मी मान्य केलं नाही. त्यावर तीन दिवस भांडण चाललं आणि दत्तजयंतीवर मिटलं.

अण्णांनी सगळ्यात शेवटी फोन केला.

“येळवस कुठाय यादीत?”

“येळवसेला मशीनची कसली पूजा, अण्णा? त्या दिवशी शेताची पूजा असती.”

“मशीन बघणारा शेतात असतोय की दिवसभर. दुकान बंद. पंखा अडकला तर कोण बघंल? आग लागंल.” मग ते म्हणाले, “टाक येळवस. मग भाच्याला सांगतो, सध्या नको म्हणून.”

मी येळवस टाकली.

मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे येळवस, आली. सगळा मुलूख साऱ्या भाज्या मिळून केलेली भज्जी आणि आंबिलीचे गडवे घेऊन शेतात गेला. मी दुपारी स्क्रीनसमोर बसलो होतो. तेवीस नावांतलं एकच हिरवं, आणि त्याच्यापुढं हजेरीच्या जागी शून्य. एवढ्यात काकांचा फोन. मागं पोरांचा गोंधळ, कुणीतरी झाडाला झोका बांधत होतं.

“चालू हाय ना तुजी?” त्यांनी विचारलं.

“हाय.”

“अन् हजेरी?”

“न्हाई लागत. तसंच ठरलंय ना.”

काका मोठ्यांदा बाजूला कुणाला तरी सांगायला लागले. मला स्पष्ट ऐकू येत होतं. “बगा, देवाला मानत न्हाई म्हणतोय, अन् आमच्या सगळ्या सणांला फुकट सेवा करायलाय. असा भगत गाणगापुरात बी न्हाई!”

“काका, ही सेवा न्हाई!” मी ओरडलो. “हे तत्त्व हाय!”

“व्हय व्हय,” काका म्हणाले. “भज्जी ठेवलीय तुझ्यासाठी. सांजच्या बसनं ये.”